वाफेवरचा नैवेद्य

भाद्रपद महिना जवळ आला कीं वऱ्हाडांतल्या घराघरांतून सुकें खोबरें किसल्याचा आवाज येऊं लागतो. कोंकणांत याच दिवसांत ओले नारळ फुटत असतात. फरक दिसावयास लहान, पण गणपतीच्या पानांतला मोदक तळणीचा कीं उकडीचा, हें ठरवणारा फरक तोच. मी अमरावतीस राहतें, माहेर अकोल्याचें. या दोन्ही घरीं मीं तळणीचेच मोदक पाहिले, केले आणि वाढले. आज मात्र बोलणार आहें तें वाफेवर शिजणाऱ्या तेलुगू कुडुमुंविषयीं. आणि तो पदार्थ आमच्या घरांत इतका उशिरा कां आला, हेंही सांगणार आहें. त्यांत माझी एक चूक आहे. ती गाळून नुसती कृति सांगितली असती तर भाषण अधिक नीटनेटकें झालें असतें. पण ती कृति आम्हांला त्या चुकीच्या वाटेनेंच सांपडली, म्हणून ती वगळतां येत नाहीं.

वऱ्हाड हा काळ्या जमिनीचा, कापसाचा आणि ज्वारीचा प्रांत. विदर्भांत धान पिकतें तें पूर्वेकडे, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या बाजूस. नारळ तर आमच्याकडे पिकतच नाहीं. मुंबईहून येणारा लोहमार्ग १८६७ सालीं नागपूरला पोंचला. त्यापूर्वीं किनाऱ्यावरचें जें कांहीं येथें येई तें बैलाच्या पाठीवरून नि गाडीवाटेनें, आणि अशा प्रवासांत टिके तें सुकें खोबरेंच. तेव्हां कणीक आणि खोबरें यांचा मोदक तळून काढणें हा आमच्या जमिनीनें आणि वाटांनीं घालून दिलेला नियम. माझ्या सासूबाई कणकेंत थोडा रवा मिसळतात, मोहन कडकडीत घालतात, आणि सारणांत भाजून चुरलेलें खोबरें, खसखस, वेलदोडा नि किसलेला गूळ. हे मोदक चार-पांच दिवस खुसखुशीत राहतात. शिवाय गणपतीमागोमाग महालक्ष्म्या येतात. त्यांच्या डोक्यावर टांगावयाच्या फुलोऱ्याच्या करंज्या, वेण्या, फण्या हें सगळें तळणीचेंच काम असतें. एकदां कढई चढली कीं आठवडाभर ती उतरत नाहीं. अशा घरांत कोणी तांदळाची उकड काढावी हें कुणाच्या मनांतसुद्धां येत नाहीं, आणि आलें तर त्या बाईकडे जरा वळून पाहिलें जातें.

आमच्या घरीं असें पाहणारी मीच होतें.

माझी सून गोदावरीकांठच्या राजमहेंद्रीची. मुलाची आणि तिची ओळख नोकरीच्या ठिकाणीं झाली. मुलगी अमरावतीस द्यावयाची हें ऐकून तिच्याकडच्या वडील मंडळींना प्रथम आनंदच झाला, कारण त्यांना वाटलें ती कृष्णेच्या कांठची, स्तूपासाठीं प्रसिद्ध असलेली अमरावती. गैरसमज उलगडल्यावर त्यांचे चेहरे किंचित् उतरले, हें मीं पाहिलें आहे. पुढें नकाशा काढून माझ्या यजमानांनीं त्यांची समजूत घातली. अमरावती जिल्ह्याच्या पूर्वेच्या सीमेवरून वर्धा नदी वाहते. ती वैनगंगेला मिळते, त्या दोघींची प्राणहिता होते, आणि प्राणहिता गोदावरींत जाते. म्हणजे आमच्या शिवारांतला पाऊस शेवटीं राजमहेंद्रीच्या घाटावरूनच समुद्राला जातो. माझ्या माहेरच्या अकोल्याची मोर्णा मात्र पूर्णेला मिळून तापीवाटे अगदीं उलट दिशेला, पश्चिमसमुद्राला जाते. विहीणबाईंना हें फार आवडलें. तेलुगूखेरीज त्यांना दुसरी भाषा येत नव्हती, पण नकाशावर बोट ठेवून त्या नदीमागून नदी फिरत गेल्या आणि हंसल्या.

लग्नानंतरची पहिली चतुर्थी आली. आदल्या दिवशीं सून माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आई, तांदळाचें पीठ आहे का घरांत? आमच्याकडे चवितीला कुडुमु करतात. वाफेवरचे." मीं मान वर न करतांच म्हटलें, "आपल्याकडे उकडलेलें गणपतीला चालत नाहीं." ती "बरं" म्हणाली आणि खोबरें किसावयास बसली.

आतां हें जें मी म्हणालें तें खरें नव्हतें. पुरणाची डाळ काय उकडलेली नसते? महालक्ष्म्यांना आंबील शिजवूनच दाखवितात. आणि माझ्या माहेरीं, अकोल्यास, नागपंचमीला वाफेवरचे दिंड होत असत. त्या दिवशीं चिरूं नये, कापूं नये, तवा ठेवूं नये, तळूं नये, असा संकेत आहे; म्हणून कणकेच्या पारींत पुरण ठेवून तिची चौकोनी घडी घालावयाची आणि ती चाळणीवर वाफवावयाची. तो नैवेद्यच असतो. मला हें सगळें ठाऊक होतें. पण नव्या सुनेनें पहिल्याच सणाला आपली रीत पुढें करावी हें मला खपलें नाहीं, आणि तें सरळ म्हणण्याऐवजीं मीं देवाचें नांव पुढें केलें. सासवांच्या हातीं हें शस्त्र पुरातन आहे. माझ्यावरही तें चालविलें गेलें होतें.

अशीं चार वर्षें गेलीं. तिनें पुन्हां विचारलें नाहीं. वऱ्हाडी मोदकाच्या कळ्या ती माझ्यापेक्षां सुबक पाडूं लागली. रोज संध्याकाळीं ती आईशीं दूरध्वनीवर बोले, तासतासभर. त्यांतला एखादा शब्द मला कळे, बेल्लम् म्हणजे गूळ, कोब्बरि म्हणजे नारळ, एवढाच.

पांचव्या वर्षीं ज्येष्ठांत विहीणबाई गेल्या.

त्या भाद्रपदांत चतुर्थीच्या आदल्या रात्रीं अकराच्या सुमारास मला स्वयंपाकघरांत दिवा दिसला. आंत जाऊन पाहतें तों सून इडलीपात्र उघडून उभी होती. खळग्यांत आठ गोळे होते आणि आठही फुटलेले. गुळाचा पाक खालच्या पाण्यांत उतरला होता. नैवेद्यासाठीं नव्हे, सहज करून पाहत होतें, असें ती घाईघाईनें म्हणाली, जणूं मी रागावणारच होतें. मग जरा वेळानें म्हणाली, "पाणी किती घालायचं तें अम्माला विचारायचं राहिलं. खायचं कसं तेवढंच मला माहीत. तुम्ही करूं देणार नव्हतां, मग विचारून काय करायचं, असं वाटायचं." तिच्या बोलण्यांत दोष देण्याचा सूर नव्हता. रोज तासभर बोलणाऱ्या त्या दोघींनीं चार वर्षांत ही एक गोष्ट बोलावयाची ठेवली, ती माझ्या एका वाक्यामुळें. आणि आतां विचारणार कोणाला?

श्रोतेहो, मला तांदूळ कळत नाहीं. भात कळतो, पण तांदळाचें पीठ हा माझा प्रांत नव्हे. मात्र भाकरी कळते. मीं त्या फुटलेल्या गोळ्यांतला एक उचलून चुरून पाहिला, तों तो वाळूसारखा सुटला. ज्वारीचें पीठ जुनें झालें कीं भाकरी अशीच थापतांना तडकते. तेव्हां आपण काय करतों? उकळतें पाणी घालतों. मीं विचारलें, "पीठ कशानें भिजवलंस?" ती म्हणाली, "नळाच्या पाण्यानं." दोष तेथेंच होता.

याचें कारण थोडें समजून घेण्यासारखें आहे. गहूं भिजवून मळला कीं त्यांत चिवट, ताणला जाणारा असा एक अंश तयार होतो. शास्त्रज्ञ त्याला ग्लूटेन म्हणतात. पोळी लाटली जाते आणि करंजीची कड मिटते ती त्याच्याच बळावर. तांदळांत आणि ज्वारींत हा अंश नाहीं. थंड पाण्यांत कालवलेलें तांदळाचें पीठ हें नुसतें ओल्या धुळीसारखें असतें. गोळा होतो, पण एकजीव होत नाहीं. परंतु हेंच पीठ तापलेल्या पाण्यांत पडलें कीं, साधारण ६५ ते ८० अंश सेंटिग्रेडच्या दरम्यान त्यांतील पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात आणि एकमेकांना धरतात. आपण जिला उकड म्हणतों ती हीच. गव्हाचें जें काम मळण्यानें होतें, तें तांदळाचें उकळत्या पाण्यानें होतें. ज्वारीची भाकरी भाजणाऱ्या वऱ्हाडी बाईला हें हातानें माहीत असतें. तांदळाच्या बाबतींत तेंच लागू पडेल हें मात्र मला त्या रात्रींपर्यंत सुचलें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं पहांटे पुन्हां भांडें चढविलें. सासूबाई, त्या वेळीं त्यांनीं ऐंशी ओलांडली होती, खाटेवरून विचारत्या झाल्या कीं हें काय चाललें आहे. त्या दर्यापूरकडच्या शेतकऱ्याच्या घरच्या. साठ वर्षें अमरावतींत काढूनही त्यांची बोली सुटलेली नाहीं. मीं भीतभीत सांगितलें. त्या म्हणाल्या, "नागोबाले वाफेचे दिंड चालतेत, मंग गनपतीले काहून नाई चालत वो?" चार वर्षांपूर्वीं हा प्रश्न त्यांनाच विचारावयास हवा होता. परंतु घरांतल्या सर्वांत मोठ्या माणसाचा नकार आपण पुष्कळदां त्याला न विचारतांच गृहीत धरतों आणि त्याच्या नांवानें आपला नकार चालवितों.

आतां कृति सांगतें. कागद-पेन्सिल जवळ असल्यास बरें.

तांदूळ चिकट जातीचा घ्यावा. आंबेमोहर उत्तम, बासमती नको, त्याचा प्रत्येक दाणा आपला वेगळेपणा राखून असतो, आणि पिठांतही तो गुण जात नाहीं. तांदूळ धुवून तीन-चार तास भिजत घालावा, मग उपसून कापडावर सावलींत पसरावा, आणि पूर्ण वाळण्याच्या आधीं, हाताला किंचित् दमट लागत असतां, दळून बारीक चाळणीनें चाळावा. तेलुगू घरांतून हें दमट पीठच पसंत करतात. तें ठेवून टिकत नाहीं. त्याच दिवशीं संपवावें. बाजारचें कोरडें पीठही चालतें. फरक पाण्याचा. कोरड्या पिठाला वाटीस सव्वा वाटी पाणी लागतें, दमटाला वाटीस वाटी, आणि कधीं त्याहून चमचाभर कमीच. आमच्या सुनेचें सारें अडलें होतें तें याच प्रश्नावर, म्हणून मी तो दोनदां सांगतें: कोरड्यास सव्वापट, दमटास बरोबरीचें.

पाण्यांत चिमूटभर मीठ आणि चमचाभर तूप घालून त्याला खळखळून उकळी आणावी. आंच मंद करून पीठ एकदम ओतावें, लाकडी उलथन्याच्या दांड्यानें भराभर ढवळावें, आणि झांकण ठेवून दोन मिनिटें वाफ येऊं द्यावी. मग भांडें उतरून दहा मिनिटें तसेंच झांकून ठेवावें. ही दहा मिनिटें टाळूं नयेत. पीठ पाणी पितें तें याच वेळांत. नंतर परातींत काढून, हाताला पाणी नि तूप लावीत, सोसवेल इतकें गरम असतांनाच मळावें. लोण्यासारखें मऊ झालें पाहिजे. एक गोळी करून दाबून पाहावी. कडेला भेगा पडल्या तर पाण्याचा हात लावून पुन्हां मळावें. मळतांना बाकीचें पीठ ओल्या फडक्याखालीं ठेवावें. भेगा पडण्याचीं कारणें दोनच, पाणी कमी किंवा वारा जास्त.

सारण दोन प्रकारचें. पहिलें नारळाचें: दोन वाट्या ओल्या खोबऱ्याच्या किसास एक वाटी गूळ, मंद आंचेवर, गोळा होऊन भांड्याच्या कडा सोडीपर्यंत. दुसरें हरभऱ्याच्या डाळीचें: डाळ शिजवून, वाटून, गुळांत आटवावयाची. या दुसऱ्याला तेलुगूंत पूर्णम् म्हणतात. सून हें नांव उच्चारतांच सासूबाई म्हणाल्या, हें तर पुरणच! आणि खरोखर तें पुरणच आहे. सारण पातळ राहूं देऊं नये. ओलसर सारणांतील गूळ वाफेच्या उष्णतेनें वितळून पारी फोडून बाहेर येतो. त्या रात्रीं आठ गोळे फुटले त्याचें हें दुसरें कारण होतें.

आकार कोणता द्यावा? साधा कुडुमु गोल किंवा जरासा चपटा असतो. पण सुनेच्या मनांत होता तो निराळा. तिच्याकडे लांबट, मध्यें फुगीर, दोन्ही टोकांना निमुळता असा एक प्रकार करतात, त्याचें नांव जिल्लेडुकायलु. जिल्लेडु म्हणजे रुई. जिल्लेडुकायलु म्हणजे रुईचीं फळें. गणपतीच्या पत्रींत रुईचें पान असतें, मारुतीला आपण रुईच्या पानांची माळ घालतों, पण तिचें फळ कोणी देवापुढें ठेवीत नाहीं, कारण तें विषारी. त्या फळाचा आकार तांदळाचा करून आंत गूळ-खोबरें भरावें, ही कल्पना मला फार गोड वाटली. आमच्या घरामागच्या पडीक जागेंत रुई माजली आहे. नातवानें एक फळ आणून ओट्यावर ठेवलें आणि आम्ही दोघी त्याकडे पाहत पाहत पारी मिटूं लागलों. मग ओटा दोनदां धुवावा लागला, कारण रुईचा चीक डोळ्यांत गेला तर फार वाईट.

वाफवण्याचें भांडें कोणतेंही चालतें: मोदकपात्र, इडलीपात्र, किंवा पातेल्यावर बसणारी चाळणी. पाणी आधीं उकळलेलें असावें आणि चाळणीला लागूं नये. खालीं केळीच्या पानाचा तुकडा तूप लावून ठेवावा. कोंकणांत हळदीचें पान घालतात. आमच्या इतवारा बाजारांत हळदीचें पान मागितलें तर दुकानदार हळकुंडाची पुडी पुढें करतो. झांकणाच्या आंतून कोरडें फडकें बांधावें, म्हणजे झांकणावर जमणारें पाणी थेंबाथेंबानें खालीं पडत नाहीं. बारा मिनिटें पुरतात. वरच्या अंगावर तुकतुकी आली आणि ओलें बोट लावल्यास चिकटलें नाहीं, कीं झालें. उतरवून दोन मिनिटें थांबावें; गरम असतां उचलला तर तळ सुटतो. दोन वाट्या पिठाचे मध्यम आकाराचे वीस-एकवीस होतात.

याखेरीज तिच्याकडे नैवेद्याला उंड्राळ्ळु लागतात. हे गोड नव्हेत. तांदळाचा रवा एक वाटी, पाणी दोन वाट्या. पाण्यांत जिरें, मीठ, तूप आणि भिजवलेली मूठभर हरभऱ्याची डाळ घालून उकळी आणावी, रवा वैरून शिजवावा, आणि निवल्यावर सुपारीएवढे गोळे वळून वाफवावेत. पोळीच्या कणकेच्या गोळ्याला आपण उंडा म्हणतों. तेलुगूंतही गोळ्याला उंडच म्हणतात. तिकडील चतुर्थीच्या कथेंत गणपति कुडुमु आणि उंड्राळ्ळु पोटभर खाऊन येतो, त्याला आईबापांपुढें वांकतां येत नाहीं, आणि तें पाहून चंद्र हंसतो, असें आहे. पुढें चंद्रदर्शनाचा दोष आणि स्यमंतक मण्याची गोष्ट येते, ती आपल्या ओळखीचीच.

आमच्या चुलीवर हे दोन प्रांत एकत्र आले यांत नवल वाटावें असें कांहीं नाहीं, हें मला पुढें वाचतांना कळलें. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत, ११३० च्या सुमारास, मानसोल्लास हा ग्रंथ रचला. मराठी, कन्नड, तेलुगू हे तिन्ही मुलूख त्याच्या राज्याला लागून किंवा त्यांत होते. त्या ग्रंथांत तांदळाच्या पिठाच्या, आंत गोड सारण असलेल्या मोदकांचें वर्णन आहे; गारांसारखे दिसतात म्हणून त्यांना वर्षोपलगोलक म्हटलें आहे, आणि सारणांत वेलदोडा नि कापूर सांगितला आहे. अलीकडच्या काळाचें म्हणाल तर वऱ्हाड हा हैदराबादच्या निजामाचा मुलूख. १८५३ सालीं तो इंग्रजांच्या ताब्यांत गेला, १९०२ सालीं कायमच्या पट्ट्यानें दिला गेला आणि १९०३ सालीं मध्यप्रांतास जोडला गेला; तरी नांवाची मालकी निजामाचीच राहिली, इतकी कीं १९३६ पासून त्याच्या युवराजाला बेरारचा राजपुत्र ही पदवी होती. १९५६ सालीं आपण मुंबई राज्यांत आलों आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत. इतका काळ एका छत्राखालीं काढलेल्या मुलखांत एकमेकांचें स्वयंपाकघर अगदींच अनोळखी कसें राहील? माझ्या माहेरच्या अकोल्याहून पूर्णामार्गे हैदराबादेस जाणारी आगगाडी आजही आहे.

आणि तांदूळ-नारळ तिकडे इतका कां, याचेंही कारण पाण्यांतच आहे. राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम् येथें आर्थर कॉटन या अभियंत्यानें गोदावरीवर बांध घातला, तो १८५२ सालीं पुरा झाला. त्याच्या कालव्यांनीं खालचा त्रिभुजप्रदेश भाताचें कोठार झाला. नारळीच्या बागा तर त्या भागांत जिकडे तिकडे. तेथल्या बाईच्या हाताशीं जें असतें त्याचेंच ती देवाला करते, आणि आपणही.

त्या पहिल्या सकाळीं एकवीसपैकीं नऊ नीट उतरले. बाकीचे तडकले, पण फुटले नाहींत. सुनेनें एक खाल्ला, डोळे मिटून, आणि म्हणाली, "चांगला झाला." मग म्हणाली, "पण अम्माचा वास नाहीं याला." वेलदोडा होता, तूप साजूक होतें, गूळ चांगला होता. मग काय उणें होतें? तिला सांगतां येईना. पुढच्या वर्षीं आम्हीं जायफळ घातलें, तें नव्हे. त्यापुढें सुंठ, तीही नव्हे. तिच्या मावशीला विचारलें, तिनें सांगितलेल्या यादींत आमच्याकडे नव्हतें असें एकही नांव नव्हतें. ज्या जिनसा रोजच्या असतात त्या सांगावयाच्या राहूनच जातात.

तिसऱ्या वर्षीं श्रावणांत आमच्या शेजारचीं माणसें तिरुपतीहून आलीं आणि त्यांनीं प्रसादाचा लाडू दिला. सुनेनें तो फोडला, नाकाशीं नेला आणि तशीच उभी राहिली. मग माझ्यापुढें हात धरून म्हणाली, "आई, हा वास." तो खाण्याच्या कापराचा होता. तेलुगूंत त्याला पच्चकर्पूरम् म्हणतात. मानसोल्लासांतला कापूर मीं वाचला होता आणि जुन्या राजाचा विलास म्हणून सोडून दिला होता!

येथें एक सूचना दिलीच पाहिजे. आरतीचा कापूर पोटांत घालावयाचा नसतो. तो अपायकारक आहे, आणि लहान मुलांच्या हातीं तर कधींच लागूं देऊं नये. खाण्याचा म्हणून जो निराळा विकला जातो तोच आणावा, आणि खात्री नसेल तर मुळींच घालूं नये, वेलदोड्यावर भागवावें. आणला तरी एकवीस मोदकांच्या सारणाला तांदळाच्या एका दाण्याएवढा पुरे. आधीं चिमूटभर साखरेंत खलावा, म्हणजे सगळीकडे सारखा पसरतो. दोन दाण्यांएवढा पडला कीं सारण कडू होतें. आमचें एकदां झालें आहे.

आतां आमच्या घरीं चतुर्थीच्या ताटांत अकरा तळणीचे आणि दहा उकडीचे, असे एकवीस असतात. उकडीचे त्याच दिवशीं संपवावे लागतात. रात्रीपर्यंत ते वातड होतात, म्हणून आरतीच्या आधींच शेजारीं वाटून टाकतों. तळणीचे महालक्ष्म्यांपर्यंत डब्यांत राहतात. सासूबाईंनीं आतां नव्वदी गांठली आहे. नैवेद्य उतरला कीं त्या दहांतला एक मागून घेतात. दांत उरले नाहींत, म्हणून हाच बरा, असें त्या म्हणतात. पण एवढ्यावर थांबत नाहींत, दुसराही मागतात.